राहिलेली कमान

दिवाळी तोंडावर आली असताना चंद्रशेखर जपानची तीन आठवड्यांची सहल आटोपून वाशीच्या घरी आला. बॅग दारात टेकवली आणि आधी काय केलं, तर चहा टाकला. त्याची मुलगी वैष्णवी म्हणत होती, "बाबा, बसा ना तुम्ही, दमून आलात, मी करते." पण त्याने ऐकलं नाही. चहा गाळताना त्याने तीन कप मांडले. घरात माणसं दोनच होती.

वैष्णवी क्षणभर कपांकडे बघत राहिली. आई जाऊन वर्ष उलटलं होतं. जुनी सवय असेल, असं तिने मनाशी म्हटलं.

सवय कसली! नंदिनी जिवंत असताना या माणसाने कधी स्वतःच्या हाताने तिला चहा दिला नव्हता.

चंद्रशेखर ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. कारखान्यातली मशीनं जपानी, त्यामुळे ट्रेनिंगला त्याला दोनदा जपानची वारी घडली. दोन्ही वेळा बायकोला स्वखर्चाने नेता आलं असतं. पहिल्या खेपेला नंदिनीने तोंडाने विचारलं. दुसऱ्या खेपेला तिने काही विचारलं नाही, मुकाट्याने त्याचे शर्ट इस्त्री करून दिले. "पुढच्या वेळी नक्की," तो म्हणाला होता. माणूस वाईट नव्हता हो, फक्त पुढच्या वेळेवर त्याचा फार विश्वास होता.

येताना त्याने तिच्यासाठी कॅलेंडर आणलं. त्यात समुद्राच्या पाण्यात उभ्या असलेल्या एका लाल कमानीचं चित्र होतं. तो महिना सरला, वर्ष सरलं, तरी नंदिनीने ते पान ओट्याच्या वरून काढलं नाही. फोडणीचे शिंतोडे उडून त्याच्या कडा पिवळ्या पडल्या. "बाकी काय नाय दाखवलं तरी चालेल," ती म्हणायची, "एवढी कमान बघायची मला." मग काविळीचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात ती गेली.

दहाव्याला खाडीकाठच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. कावळे कमी नव्हते, भिंतीवर ओळीने बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता. नंदिनीचा धाकटा भाऊ अरविंद साताऱ्याहून आला होता. त्याने हात जोडले. "आक्का, पोरीचं लग्न थाटात करू. दाजींकडं आम्ही बघू." कावळे ढिम्म. ऊन डोक्यावर आलं, पाय पोळायला लागले, गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले.

अरविंद चंद्रशेखरच्या कानाशी आला. "दाजी... काय राहिलं असंल तिचं? तुमालाच ठाव. बोला की..."

चंद्रशेखरने मान खाली घातली आणि पुटपुटला, "तुला जपान दाखवीन. ती कमान दाखवीन."

शब्द तोंडातून निघायचा अवकाश, कावळा उतरला आणि भाताला चोच लावून गेला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. चंद्रशेखरच्या मात्र अंगावर त्या उन्हात शहारा आला.

वरच्या मजल्यावरचा इंद्रजित रविवारी गडकिल्ले चढणाऱ्या मंडळींना घेऊन फिरायचा. वर्षभराने त्यांनी जपानचा बेत आखला. शहरं बघायची, देवळं बघायची आणि खेड्यापाड्यांतून पायी हिंडायचं. चंद्रशेखरने आपलं नाव दिलं.

तोक्योत पहिल्याच संध्याकाळी जेवायला बसल्यावर वाढणाऱ्या बाईने त्याच्यापुढे पाण्याचे दोन पेले ठेवले. चूक झाली असेल, त्याला वाटलं. क्योतोला खोलीत चटईवर दोन अंथरुणं घातलेली होती, शेजारी शेजारी. तेव्हा तो जरा घाबरला. मग डोंगरातली वाट आली. दोन्ही बाजूंना उंच, सरळसोट झाडं, भर दुपारी काळोखी, आणि ओल्या लाकडाचा दाट वास. वाटेत ठिकठिकाणी घंटा टांगल्या होत्या. अस्वलं लांब राहावीत म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याने त्या वाजवायच्या असतात. चंद्रशेखर सगळ्यांच्या मागे होता. त्याने घंटा वाजवली आणि पुढे निघाला.

मागे घंटा पुन्हा वाजली.

त्याने वळून पाहिलं. वाट मोकळी होती. घंटेची दोरी तेवढी हलत होती.

"नंदिनी..." तो म्हणाला आणि तिथेच दगडावर बसून रडला. मग उठून बोलत बोलत चालू लागला. हे बघ, ती भाताची खाचरं बघ, अगदी आपल्या वाईकडची वाटतात. सबंध संसारात बोलला नसेल तेवढा तो त्या वाटेवर बोलला. पुढच्या प्रत्येक घंटेला मागून उत्तर येत होतं. इतकं सुख त्याला कधी लाभलं नव्हतं.

आणि तिथेच त्याची बुद्धी फिरली.

कमान बघितली की तिची इच्छा पुरी होणार. इच्छा पुरी झाली की ती जाणार. कमान सहलीच्या अगदी शेवटी होती, आणि जसजसे दिवस सरत गेले तसतसा तो गप्प होत गेला. कमानीकडे नेणारी बोट धक्क्याला लागली तेव्हा तो बाकावर बसून राहिला.

"काका, चला ना," इंद्रजित म्हणाला. "दहा मिनिटांची बोट आहे, चालायचं पण नाही काही."

"गुडघा धरलाय रे. तुम्ही जाऊन या."

बोट गेली. चंद्रशेखर समुद्राकडे पाठ करून बसला. मग फळ्यांवर पावलं वाजली. पाण्याच्या कडेपर्यंत गेली, थांबली, त्याच्यापाशी परत आली, पुन्हा पाण्याकडे गेली. शेवटची बोट परतेपर्यंत पावलं येत-जात राहिली. त्याने एकदाही मान वळवली नाही.

तिला तो असा घरी घेऊन आला होता.

सुरुवातीला त्याला बरं वाटलं. पहाटे गॅलरीपासून स्वयंपाकघरापर्यंत पावलं वाजायची, ओल्या लाकडाचा वास यायचा आणि तो पडल्या पडल्या ऐकत राहायचा. तिसऱ्या कपातला चहा मात्र रोज तसाच राहायचा, वर साय धरून.

एक दिवस खालच्या मजल्यावरच्या रखमाकाकूंनी त्याला जिन्यात गाठलं. "भावजी, दुपारी घरात कोन असतं वो तुमच्या? तुमी कामावर, पोरगी कॉलेजात. वर सारखं कोन तरी चालतंय."

"कोणी नाही, काकू."

"नाय कसं? आन् आता तर लंगडत चालतंय..."

घरी येऊन त्याने कान दिला. खरंच होतं. एक पाऊल टेकत होतं, दुसरं फरफटत येत होतं. ती बसत नव्हती, टेकत नव्हती. ती अजून सहलीतच होती. तिला पोहोचायचं होतं आणि त्याने वाट अर्ध्यावर तोडली होती. चंद्रशेखरला स्वतःची शिसारी आली. जिवंतपणी तिला नेलं नाही, आणि मेल्यावर नेलं तेही स्वतःसाठीच.

"नंदिनी, चुकलो मी," तो रिकाम्या खोलीत म्हणाला. "बस गं आता. नको चालूस... जा तू."

पावलं थांबली. त्याने श्वास रोखला. मग फरफट पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी त्याने इंद्रजितला गाठलं. पुन्हा जायचंय, लगेच. इंद्रजित म्हणाला, "काका, टेन्शन कशाला घेता? एप्रिलमध्ये दुसरी बॅच नेतोय, तुमचं नाव पहिलं." एप्रिल फार लांब होता, पण निदान ठरलं तरी. "एप्रिलमध्ये नेतो," त्याने घरी येऊन भिंतींना सांगितलं. "शपथ. थोडी कळ काढ."

पावलं थांबली. त्या दिवशी वाजली नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिने ऐकलं, असं त्याला वाटलं. इतक्या दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

तिसऱ्या दिवशी कामावरून आला तेव्हा दिवेलागण झाली होती आणि घरात दिवा नव्हता. वैष्णवी कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"कॉलेजला गेली नाहीस?"

त्याने दिवा लावला. तिचे पाय सुजले होते. तळव्यांवर मोठमोठे फोड आले होते, काही फुटून चादरीला चिकटले होते, आणि नखांत काळी ओली माती होती. तिच्या चपला दाराशी कोरड्या ठाक होत्या.

"वैष्णवी... बाळा, कुठे गेली होतीस?"

ती हळूहळू वळली. दमलेल्या, समजूतदार नजरेने तिने त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यभर बाबा म्हणणारी ती पोर हलक्या आवाजात म्हणाली,

"अहो... अजून किती राहिलं?"

काही तरी बोलायला हवं होतं. "थोडंच," तो म्हणाला.

तिने मान डोलावली, हाताचा आधार घेऊन उठली आणि त्या पायांनी पुन्हा चालू लागली.