पहिला हात

त्यांचे हात पहिल्यांदा भेटले ते एका परक्या नौकेच्या अंगावर. गेल्या वर्षी, भर दुपारी, भुरभुर पावसात.

बेटाची रीतच होती तशी. क्षितिजावर शीड दिसलं की दोन्ही कुळांनी मोटरबोटी सोडायच्या. ज्याचा तळहात आधी नौकेला लागेल, पाहुणे त्याचे. त्या दिवशी तेपाएरू या पोरीचा हात लागला, आणि त्याच क्षणी त्यावर दुसऱ्या कुळातल्या तुरुआ या पोराचा पडला. ओला, खरखरीत... आणि नको तेवढा वेळ तिथंच राहिलेला.

“काढ की हात!”

“नौकेवर ठेवलाय मी.”

“नौका खाली आहे. मध्ये मी आहे.”

“असू दे... मला चालतं.”

पाहुणे निम्मे निम्मे वाटले गेले. तेपाएरूचं मन मात्र सगळंच्या सगळं पलीकडच्या आळीत गेलं.

वर्ष उलटलं. मालाचं जहाज पाच महिने फिरकलं नव्हतं, घराघरातलं पीठ संपलं होतं आणि आभाळ आठवडाभर खाली उतरून बसलं होतं. अशात रेडिओवर निरोप आला, हेनरिक नावाचा म्हातारा एकटाच नौका घेऊन येतोय. पुढं रारोटोंगा या मोठ्या बेटाला जाणार, एका माणसाला नेऊ शकेल. ते माणूस यजमान कुळानं ठरवायचं, हीही रीतच.

तुरुआच्या काकानं तुरुआचं नाव आधीच ठरवलं होतं. तिथून पुढं ऑकलंडच्या गोदीत काम. गेलेली पोरं परत येत नसत, त्यांचे फोटो येत. तेपाएरूचंही रारोटोंगाच्या नर्सिंग शाळेचं पत्र आलेलं होतं, पण ते तिनं एकट्या तुरुआला दाखवून पेटीच्या तळाशी दडपलं होतं. आपण जिंकलो की जागा आपली. मग ती रिकामी गेली तरी चालेल, तुरुआ राहील.

शीड दिसलं. प्रवाळाच्या खिंडीतून तुरुआची बोट पुढं निघाली, आणि ऐन वेळी तिचं इंजिन खोकून बंद पडलं. तेपाएरूनं हात टेकवला.

“कचरा अडकला!” तुरुआ ओरडला.

“इंजिन म्हातारं झालंय तुझं, मालकासारखंच!” ती हसली. कित्येक दिवसांनी हसली.

जेवायला पोपटमासा होता, अंकुरलेल्या नारळाचे घावन होते. पाहुण्याला वाढून तिच्या वडिलांनी खिशातून पत्र काढलं. तिचंच.

“तुरुआनं सांगितलं म्हणून पेटी उघडली. बापापासून लपवतेस होय गं? शाळा पंधरा दिवसांत उघडतेय. परवा यांच्याबरोबर निघायचं.”

घास तोंडातच राहिला. ती तशीच उठून किनाऱ्यावर गेली. तुरुआ बोटीत बसला होता. तिनं न बोलता इंजिनाची दोरी ओढली. पहिल्याच ओढीला ते सुरू झालं.

“कचरा कुठाय?”

“निघाला असेल...”

“खोटारड्या! मुद्दाम हरलास तू!”

“तुला नर्स व्हायचंय ना? कोंबड्यांच्या तंगड्यांना पट्ट्या बांधत मोठी झालीस.”

“तू जाऊ नयेस म्हणून जिंकले रे मी, गाढवा!”

पाऊस दोघांवरही सारखाच पडत होता.

“मला कुठं जायचं होतं...” तो हळूच म्हणाला. “मला पाठवायचं काकाला होतं.”

“मग मीही नाही जात.”

“जा, तेपा. माझी आजारी आई जहाजाची वाट बघता बघता गेली. इथं कुणाला तरी सुई टोचता यायला हवी.” त्यानं मान फिरवली. “प्रेम आहे माझं तुझ्यावर. आधी बोललो असतो तर तू गेली नसतीस... म्हणून नाही बोललो.”

तिला रडू आवरेना. त्यालाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नौका निघाली. गळ्यात शिंपल्यांची माळ घालून तेपाएरू कडेला उभी होती. खिंडीत तुरुआची बोट शेजारी आली. त्यानं नौकेवर तळहात टेकवला.

“लावला हात. पाहुणी आमची.”

“उशीर केलास,” ती कसंबसं म्हणाली. वाकून तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला.

“शिकून झालं की, तीन वर्षांनी, कुठल्याही नौकेनं ये. पहिला हात माझा असेल. इंजिन बंद पडणार नाही.”

“आणि मी आलेच नाही तर?”

खिंडीबाहेर वारा होता. हेनरिकनं शीड सोडलं, नौकेनं वेग घेतला आणि त्याचा हात आधी ओल्या लाकडावरून निसटला, मग तिच्या हाताखालून.