काट्यावरचे वजन

आजींचा वजनकाटा तपासून येणे, एवढेच त्या दुपारी सिस्टरचे काम होते. हृदय अशक्त झाले की अंगात पाणी साचते आणि वजन चढते. म्हणून आजी रोज सकाळी काट्यावर उभ्या राहत. आकडा आपोआप सिस्टरच्या मोबाइलवर येई. तो चढला की लघवीवाटे पाणी काढणारी गोळी आपणच वाढवायची, हे आजींना तिनेच शिकवले होते. अलीकडे आकडा चढतच चालला होता.

दार सुनेने उघडले. आजी पलंगावर बसल्या होत्या. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. सिस्टरने घोट्यावर अंगठा दाबून पाहिला. खड्डा पडला नाही. सूज नव्हतीच, उलट गोळ्यांनी बाई सुकत चालली होती. असेच चालू राहिले, तर मूत्रपिंडांवर बेतणार होते.

मग हे वजन कोणाचे? तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"काट्यावर यांना धरून कोण उभं राहतं?"

"कुणी नाही," सून फणकारली. "माझ्यावर संशय घेताय का, सिस्टर?"

"वजन वाढायला मी खाते काय?" आजी हसल्या. "हिचे टोमणेच तेवढे पोटात जातात."

सिस्टरने काटा सपाट फरशीवर ठेवला आणि आधी स्वतः उभी राहिली. आकडा बरोबर आला. मग सुनेला खिडकीपाशी थांबवून तिने आजींना काट्यावर चढवले. आकडा स्थिरावला. आणि आजी तसूभरही हलल्या नसताना तो सावकाश वर सरकला. जणू त्यांना मागून धरून उभ्या असलेल्या कोणी जमिनीवरचे आपले पाय जपून उचलून घेतले होते.

आजींचे खांदे वाकले.

"आजी... काय होतंय?"

"बसला..." त्या कुजबुजल्या. "रोज बसतो. पोराला पाठुंगळी घ्यावं ना, तसा... मागे बघू नकोस गं."

सिस्टरने बघितले नाही. तिने डॉक्टरांना फोन लावला, घोटे आणि ओठ यांची स्थिती सांगितली आणि त्यांच्या संमतीने वाढीव गोळी बंद केली. "आकड्यावर भिस्त ठेवू नका, रोज पाय दाबून बघा," असे सुनेला बजावले. आजींच्या पाठीवरून धीराचा हात फिरवला आणि ती निघाली.

जिना उतरताना मोबाइल वाजला. आजी पुन्हा काट्यावर उभ्या राहिल्या होत्या. आकडा एकदम खाली उतरला होता. वरून त्यांचा मोकळा आवाज आला, "अगं, पाठ हलकी झाली माझी!"

सिस्टरला हायसे वाटले. बॅगेचा भार खांद्यात रुतत होता. खांदा उडवून तिने तो सवयीने जरा वर घेतला.

"सिस्टर, थांबा!" सून कठड्यावरून ओरडली. "तुमची बॅग इथेच राहिली!"