छातीला बांधलेली नात

"द्या तिला इकडे," इस्पितळातून परतलेल्या सुनेनं, यूरानीनं, दारातच हात पसरले, आणि एर्मेलिंदाच्या काळजात कळ उठली… सून तापानं एकवीस दिवस इस्पितळात, मुलगा विल्मर ट्रक घेऊन दूर किनाऱ्याकडे, आणि वेळेआधी जन्मलेली, मांजराच्या पिलाएवढी सेल्मिरा कांगारूसारखी छातीशी पट्ट्यानं बांधून, खुर्चीत बसल्याबसल्या डुलक्या घेत कुणी जगवली होती?

"घे बाई. तुझीच आहे," ती म्हणाली, पण पट्टा सोडताना बोटं रेंगाळलीच.

सेल्मिरा मात्र आईच्या छातीवर टिकेना. रडरडून जांभळी व्हायची, दूध तोंडात धरायची नाही. एर्मेलिंदा चुलीशी मक्याच्या जाड भाकऱ्या, अरेपा, भाजताना ते आक्रंदन कान देऊन ऐकायची, आणि खोटं कशाला बोला, तिच्या मत्सरी अंतःकरणाला ते अमृतासारखं लागायचं…

चौथ्या दिवशी दवाखान्यातल्या काट्यावर तिचं वजन पन्नास ग्रॅम कमी भरलं.

"एवढंसं बाळ सध्या एकच धडा शिकतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या जगावर विसंबावं की नाही. आणखी उतरली, तर काचेच्या पेटीत ठेवावी लागेल."

 घरी येताच यूरानी पलंगावर कोसळली. "मी आईच नाही तिची. तुम्हीच घ्या, सासूबाई."

हवं ते आपण होऊन ओंजळीत आलं होतं… आणि एर्मेलिंदाला ते घेववेना! तिनं उशीखालून आपला न धुतलेला पट्टा ओढून काढला.

"हा बांध. तुझ्या पट्ट्याला नुसता साबणाचा वास. नजर लागू नये म्हणून मी रोज अंगाला सतापाचा उग्र वासाचा पाला चोळायची, नर्सबाई नको नको म्हणत असताना. पोरगी त्या वासालाच घर समजते. पहिल्या दिवशीच ओळखलं होतं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"माझ्यावाचून रडायची… गोड वाटायचं."

"चार दिवस लेक उपाशी ठेवलीत माझी."

"ठेवली."

यूरानीनं पट्टा हिसकावूनच घेतला. बांधला. सेल्मिरा हुंगत राहिली, मग मुसमुसत दुधाला लागली. एर्मेलिंदा अपराध्यासारखी दाराकडे वळली.

"निघालात कुठे? पाठ मोडते माझी. मागे बसा."

ती यूरानीच्या पाठीमागे भिंतीला टेकून बसली. सुनेनं हळूहळू अंग सैल सोडलं… चार दिवस ओस पडलेल्या त्या छातीवर मायलेकींचा भार आला, आणि डोळे वाहत असतानाही, पुसायला म्हणून ती हलली नाही.