तेवढा रंग ठेवला

“ओ कॅमेरावाले, हात आत घ्या!”

माझी घाटंजी–यवतमाळ गाडी त्या दिवशी गच्च भरली होती. कंडक्टर होऊन मला वर्षही झालं नव्हतं, पण आवाज मात्र मुरलेला. बाहेर कापूस खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांची लांबच लांब रांग लागली होती. भाव पडलेला, माप बंद, गाड्या जागच्या जागी... आणि हा पठ्ठ्या कोपरापर्यंत हात खिडकीबाहेर काढून त्या रांगेचे फोटो घेत होता.

त्याने हात आत घेतला. माझ्याकडे पाहिलं – आणि पाहतच राहिला.

“मॅडम, एक फोटो काढू काय तुमचा?”

“ड्युटीवर आहो मी.”

“ड्युटी संपल्यावर?”

“तवा तर अजिबात नाही.”

मागच्या सीटवरच्या बाया खुदकन हसल्या. त्याचे कान लाल झाले. तरी यवतमाळला उतरताना “येतो जी” म्हणाला, जसा काही माझ्याच घरून निघाला होता!

पुढच्याच आठवड्यात मला अमरावतीचं स्थळ आलं. मुलगा बँकेत. त्या वर्षांत आमच्याकडे मुलीच्या बापाला शेतीवाला जावई नकोच असायचा, कापसाने सगळ्यांचेच हात पोळले होते. बँकेतला मुलगा म्हटल्यावर माझ्या आईला, कांताबाईला, कुठला धीर! तिने मला आपली जांभळी साडी नेसवली, केसांत गजरा माळला आणि बसस्टँडजवळ नव्याने उघडलेल्या फोटो स्टुडिओत नेलं.

काउंटरमागे तोच उभा.

“जयभीम, भाऊ,” आई म्हणाली.

“जयभीम, मावशी.” मग माझ्याकडे वळून, अगदी साळसूद चेहऱ्याने – “आता तर ड्युटी नाही ना, मॅडम?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

“आमच्या उर्वशीचा फोटो काढाचा आहे, पाहुन्याले धाडाले,” आई म्हणाली. “अन् भाऊ, काम्पुटरवर जराशी गोरी कर तिले. बसमंदी उन्हानं काळी पडली.”

“ऊन काय करते वं आई? मी जन्मालेच अशी आली.”

“किती गोरी करू, मावशी?” त्याने विचारलं.

“इतकी करा,” आईच्या आधी मीच म्हणाले, “का मी घरी गेली त आईनं दारातच विचारलं पाहिजे – कोन पाहिजे तुमाले?”

तो हसला. गालाला खळी पडली. ती मी पाहिली नाही, असं दाखवलं.

“नाव काय बाबू तुहं?” आईने विचारलं.

“संघर्ष.”

“कोनाशी?” मी विचारलं.

“आजपर्यंत त कोनाशीच नव्हता,” तो म्हणाला आणि लाइटची छत्री सरळ करायला लागला.

मला स्टुलावर बसवलं. समोरच्या भिंतीवर लग्नाचा एक मोठा फोटो होता. सगळा काळापांढरा – मंडप, पाहुणे, नवरदेवसुद्धा – आणि नवरीचा शालू तेवढा लालभडक.

“या नवरदेवानं काय पाप केलतं?”

“फॅशन आहे, मॅडम. एकच रंग ठेवाचा, बाकी सारे काढून घ्याचे. लोकं म्हनतात, शालूचा ठेवा.”

“अन् तुमाले कोनता ठेवासा वाटते?”

त्याने उत्तर दिलंच नाही. फ्लॅश उडाला! म्हणून त्या फोटोत मी पोज दिलेली नाही... उत्तराची वाट पाहते आहे.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून मी खाकीतच स्टुडिओत गेले. त्याने कॉम्प्युटरपाशी खुर्ची सरकवली आणि पहिला फोटो उघडला. “हा मावशीचा.”

“बाप्पा! ही त पिठाच्या डब्यात पडली.”

“अन् हा...” त्याने दुसरा फोटो उघडला.

साडी राखाडी. मागचा पडदा राखाडी. गजरा, कानातले, बांगड्या – कशालाच रंग नाही. रंग होता तो फक्त माझ्या चेहऱ्याला, गळ्याला, मांडीवर ठेवलेल्या हातांना. माझा सावळा, तांबूस झाक असलेला रंग. घरात आजवर तो कमी करायची गोष्ट होता. आणि इथे अख्ख्या फोटोत तोच एकटा जिवंत होता.

भरल्या गाडीला गप्प करणारी मी... कॉम्प्युटरकडे आणखी वाकले.

“साडी इतकी चांगली होती,” मी म्हणाले. “तिचा रंग काहून काढला?”

“साडी कोनीबी नेसू शकते.”

बाहेर एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. आम्ही दोघंही कॉम्प्युटरकडेच पाहत होतो, एकमेकांकडे पाहायची टाप नव्हती.

“लई वेळ लागला?”

“कपाळापाशी लागला. बारीक केस आहेत ना तुमचे तिथं... तिथं ब्रश हळूहळू फिरवा लागते. घाई केली का रंग बाहेर सांडते. कानापाशी त किती डाव पुसलं अन् पुन्हा केलं.”

माझा हात नकळत कानाकडे गेला. माझ्या कपाळाच्या कडेकडेने, एकेक केस सांभाळत कुणीतरी इतका वेळ हळूहळू फिरत होतं – आणि मी तेव्हा घरी भाकरी थापत होते!

“हा कोनासाठी केला?”

“हा... माह्यासाठी. तुमाले नाही आवडला त काढून टाकतो.”

“खबरदार,” मी म्हणाले. “दोन्ही द्या.”

घरी मी दोन्ही फोटो आईपुढे ठेवले. माझे बाबा, धर्मपाल, बाजूलाच पेपर वाचत बसले होते.

“आई, धाडाचा असंल त हा रंगाचा धाडू. त्या गोऱ्या फोटोले पाहून हो म्हटलं, त त्यायनं त्या पोरीले हो म्हटलं. मले नाही.”

आई भांडायच्याच तयारीत होती. पण तिने फोटो हातात घेतला. अंगठ्याने फोटोतला गाल हलकेच कुरवाळला.

“तुह्या बाबाचा रंग आहे हा,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी त्याच रंगावर भुललती.”

बाबांचा पेपर जरा वर गेला.

“हा त्या पोरानंच केला?” आईने विचारलं.

“हो.”

“त्याच्या मनानं?”

“हो.”

आईने चष्मा काढला. “मंग अमरावतीले कायले धाडतं वं, येडे?”

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती माझी. दुपारी परतले ती तडक स्टुडिओत. तो एका लग्नाचे फोटो लावत होता. मी आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्याने माऊस बाजूला सरकवला.

“मॅडम... आधी खरं सांगतो. मले नोकरी नाही. नेरजवळ बाबाचं कापसाचं वावर आहे, अन् हे दुकान भाड्याचं. औंदा लोकायनं लग्नाचे अल्बमबी बारके केले.”

“मले आहे ना नोकरी,” मी म्हणाले. “एसटीची, पक्की. तुमी तुमचं काम करा. मले फक्त एक सांगा – तुमच्या मनात आहे का नाही?”

त्याने पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. “बसमंदी तुमी मले हात आत घ्या म्हनलं ना... तवापासून आहे.”

माझ्या छातीत काय धडधडलं, ते फक्त माझ्या खाकी शर्टाला ठाऊक!

“रविवारी माही सुट्टी आहे,” मी आवाज सावरत म्हणाले. “आईबाबाले घेऊन घरी या.”

“उद्या येतो म्हटलं त?”

“रविवारी म्हटलं.”

“हो जी.”

मी दारापर्यंत पोचले, तोच मागून हाक आली.

“उर्वशी...”

मी वळले. “काय?”

“काही नाही. म्हनून पाह्यलं.”

“कसं वाटलं?”

“लई चांगलं.”

“मंग अजून एकदा म्हना,” मी म्हणाले, आणि दाराला टेकून तिथेच उभी राहिले.