दुसरी गोळी

देवळाली प्रवराकडच्या एका साखर कारखान्यात कारभारी गव्हाणीवर कामाला होता. गव्हाण म्हणजे उसाच्या मोळ्या चरकाकडं ओढून नेणारी रुंद साखळी. तिथं उभं राहणाऱ्यानं डोळा मिटायचा नसतो, आणि कारभारीला तर उभ्याउभ्या झोप लागायची.

नगरच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या आळीपाळीनं घेऊन बघायला सांगितल्या.

"पांढरी लवकर चढते, लवकर उतरते. पिवळी सावकाश चढते, पण दिवसभर सोडत नाही. कुठली मानवते, ते तुम्ही सांगा."

पांढरीचा जोर भाकरीच्या सुट्टीपर्यंत पुरायचा. मग कारभारी लिंबाखाली कलंडायचा आणि रंगुबाई यायची. बायकोला जाऊन वर्ष झालं होतं. तरी ती उशाशी बसायची, आपले केस विंचरायची, वेणीला लुगड्याच्या हिरव्या काठाची चिंधी बांधायची. खोबरेल तेलाचा वास दरवळायचा.

"या आजारात असं दिसतं," डॉक्टर म्हणाले. "पिवळीनं थांबेल."

म्हणूनच तो पांढरीवर राहिला. मग एका दुपारी गव्हाणीवरच त्याचा तोल गेला. शेजारी काम करणाऱ्या छगननं मागून कॉलर धरली.

"रसात जायचंय व्हय रं? साखर कडू हुईल लेका!" छगन हसला, पण कॉलर सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली कारभारीनं तिला सांगून टाकलं, "उद्यापासून मी जागा ऱ्हानार. हितं नगं बसू. घरी जा."

आपल्यात निघणाऱ्या माणसाला 'ये' म्हणतात, 'जा' कधी म्हणत नाहीत. झोपेत त्याला भान राहिलं नाही. रंगुबाईनं फणी उचलली आणि गेली.

पिवळी गोळी खरंच चांगली निघाली. डोळा लागेना, नोकरी टिकली. दुपार तेवढी रिकामी झाली.

सुट्टीच्या दिवशी तो नातीला, निकिताला, ओट्यावर चिंचोके मांडून पाढे शिकवायचा. एकदा तेराच्या पाढ्यातच तिची मान कलली.

"शाळंत बी असंच करती, मामंजी," सून माधुरी म्हणाली. "भाकरीच्या सुट्टीत झोपती. हलवलं तरी उठत न्हाई."

'घरी जा' हे आपलेच शब्द कारभारीला आठवले. त्यानं पिवळी सोडली. पांढरी घेतली, मग तीही सोडली. लिंबाखाली डोळे मिटून पडला. "ये, रंगू," म्हणाला. पुन्हा म्हणाला. झोप आली नाही.

पुढच्या सुट्टीला निकिता चिंचोक्यांवरच झोपली. सकाळी नहाण झालं होतं, केस मोकळे होते. कारभारी पाणी प्यायला आत गेला आणि परत आला.

माधुरी परातीतले हात झटकत दाराशी आली.

"वेणी तुमी घातली व्हय, मामंजी? किती घट्ट!"

वेणीच्या टोकाला हिरवी चिंधी होती, तेलानं ओली.

'जा' म्हणायला कारभारीचे ओठ हलले. पण आता ती कुणाला सोबत घेऊन जाईल, या धास्तीनं शब्द फुटेना.

निकितानं झोपेतच मान मागं टेकवली, मांडीवर टेकवावी तशी. खाली ओट्याची फरशी होती. डोकं फरशीला टेकलं नाही.