तिसऱ्या चौकीवरचे साहेब

ही घटना खरी आहे. तुम्हाला पटली नाही तरी चालेल. ज्यांच्याबरोबर घडली त्या माझ्या थोरल्या मामांनाही ती आजवर पटलेली नाही.

आणि ही मध्यरात्रीची नाही. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

फक्त धुकं होतं.

मामा तेव्हा सैन्यात होते. एका डोंगररांगेवरच्या चार चौक्या त्यांच्या हाताखाली. प्रत्येकीत आठ जवान. एकीतून दुसरीत जायचं म्हणजे दोन तासांची चढण. मामांची खाट पहिल्या चौकीत होती, पण पाय कायम वाटेवर.

ते म्हणत, ज्या चौकीवर साहेब फिरकत नाही, तिथली माणसं आधी दाढी करायची सोडतात, मग एकमेकांशी बोलायची.

म्हणून ते फिरत. कुणाचे तळपाय सोललेले, कुणाला घरून पत्र नाही, कुणाची तक्रार की शेजारच्या चौकीला रॉकेल जास्त मिळतं. सगळं ऐकायचं, चेहरा दाखवायचा आणि पुढची वाट धरायची.

तिसऱ्या चौकीत एक जवान होता. सगळ्यांच्या दाढ्या तोच करायचा, म्हणून त्याचं नाव पडलं न्हावी. तुझ्या वस्तऱ्यापेक्षा शत्रू परवडला, असं मामा त्याच्या तोंडावर म्हणत आणि गाल पुढे करत.

त्या आठवड्यात हल्ला होणार अशी खबर होती. मामांचा तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. चारही चौक्यांच्या दोन फेऱ्या झालेल्या, गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. त्या सकाळी ते पहिल्या चौकीत परतले, बूट न काढताच खाटेवर टेकले आणि तारेचा फोन पुढ्यात ओढला.

दुसऱ्या चौकीतून उत्तर आलं, सगळं ठीक आहे.

मग तिथला हवालदार जरा घुटमळला...

"काही राहिलं का, साहेब? आत्ता पाच मिनिटांपूर्वी तर गेलात इथून."

मामांना वाटलं, जागरणानं याचं डोकं फिरलंय. त्याला आळीपाळीनं झोपा म्हणून सांगितलं आणि तिसऱ्या चौकीला फोन लावला.

तिथल्या जवानानं त्यांचा बसलेला आवाज ओळखलाच नाही. कोण बोलतंय, म्हणाला. साहेब इथेच बसलेत, चहा घेतायत. थांबा, देतो.

मामा काही बोलायच्या आत फोन दुसऱ्याच्या हातात गेला.

पलीकडे कुणी बोलेना.

नुसता श्वास... खूप चालून आलेल्या माणसाचा.

मग मामांचाच आवाज आला.

"तू पड जरा. मी बघतो."

मामा सांगतात, त्या क्षणी त्यांना भीती वाटली नाही. लाज वाटते ती त्याचीच. त्यांना बरं वाटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरवून घेतलं होतं.

ते आडवे झाले.

दोन तासांनी जाग आली तेव्हा धुकं विरलं होतं. त्यांनी तिसऱ्या चौकीला फोन लावला. आता तिथला हवालदार होता.

"साहेब, न्हावी कधी परत येतोय?"

"कुठून?"

"तुम्हीच नेलात ना त्याला. वाटेत सोबत हवी, एक माणूस द्या म्हणालात."

मामा तसेच निघाले. बरोबर चार जवान. गुडघा वाकत नव्हता, पण ते कुठे थांबले नाहीत.

तिसऱ्या चौकीच्या बाहेर चिखलात बुटांचे ठसे होते.

एकाच माणसाचे.

वाट चांगली दोन माणसांपुरती रुंद होती. पण ठसे अगदी कडेकडेनं गेले होते... शेजारी चालणाऱ्याला जागा करून द्यावी तसे.

शंभरेक पावलांवर ते संपले. पुढेही तसाच ओला चिखल. ना दरी, ना घसरल्याची खूण, ना रक्त.

अकरा दिवस शोध घेतला. काही मिळालं नाही. आणि तो हल्ला झालाच नाही.

चौकशीत तिसऱ्या चौकीतल्या सातही जणांनी शपथेवर सांगितलं, साहेब आले होते. पहिल्या चौकीतल्या आठ जणांनी शपथेवर सांगितलं, साहेब झोपले होते. जवान धुक्यात वाट चुकला, असं लिहून वरच्यांनी फाईल मिटवली.

न्हाव्याच्या आईला भेटायला मामा स्वतः गेले. तिला त्यांनी काही लपवलं नाही. मी झोपलो होतो, म्हणाले.

तिनं एवढंच विचारलं, "मग माझं लेकरू कुणाच्या भरवशावर गेलं?"

मामा आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. गुडघ्यामुळे दोन वर्षं जिना उतरलेले नाहीत. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे काका सहज म्हणाले, काल बाजारात दिसलात, हाक मारली तर थांबला नाहीत. पाय बरा झाला वाटतं.

मामी हसली. मामा हसले नाहीत. काका जाईपर्यंत ते थांबले.

मग त्यांनी मामीला जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं,

"बाहेर कुठे मी भेटलो आणि चल म्हणालो... तर येऊ नकोस."