मोरपंखीची जोडी

थांब गं रक्षा, ती पेज तिकडं नको ओतू! ठेव पेजेचा गंज खाली. बस इथं. नवी सून तू, तुले काय माहीत. सांगते.

फाटकापाशी त्या दोन मोरपंख्या हायेत ना, त्या तुया सासऱ्यानं शेजारच्याच शहापूरच्या नर्सरीतून आणल्या. मोरपंखी एकटी लावत नाईत, जोडीनंच लावतात. बारा महिने हिरवी, दाराले शोभा. अन् मी बावळट! एका दुपारी भाताची गरम पेज घाईत एकीच्या बुडाशी ओतून दिली. आठ दिवसांत वाळली बिचारी. ह्यायनं उपटून फेकली, अन् त्याच दिवशी ह्यायले ताप भरला.

तीन डॉक्टर झाले, ताप उतरे ना. शेजारची रंभाबाई हळूच म्हणे, "निर्मला... जोडीतली एक गेली का रिकामा खड्डा माणूस मागते."

"कायले भलतंसलतं बोलून राहिली?" मी झापलं तिले. पण चूक तं माहीच होती.

दिवेलागणीले पाहते तं खाटेवर कोणी नाही! अंगणात धावली. वारा बंद, अन् मोरपंखी चुरगळल्याचा वास. हे त्या खड्ड्यात घोट्यापर्यंत पाय रोवून उभे... तांब्यानं आपल्याच पायावर पाणी ओतत.

"अहो... काय करून राहिले?"

"तहान लागली..."

आवाज ह्यायचाच, पण ओठ हलले नाहीत.

कसंबसं आत निजवलं, रंभाबाईले बसवलं, अन् नर्सरीत पळाली. तिथला अंकुश बंदच करून राहिला होता. त्यानं एक रोप काढलं, नर्सरीच्या फाटकाशी ठेवलं. मी आली तशीच घरी, अन् खड्ड्यात लावलं. मुळाची माती हाताले ऊन लागली, तापल्या अंगासारखी.

आत गेली तं हे उठून बसलेले. कपाळ गार! "भूक लागली, भात वाढ," म्हणे. मी रडलीच गं, खुशीनं. त्या रात्री कितीक दिवसांनी डोळ्याले डोळा लागला.

सकाळी अंकुशचा फोन आला. "काकू, किती आवाज देल्ले मी! रोप इथंच राह्यलं ना जी. रिकाम्या हातानं पळत सुटल्या तुमी."

मी खिडकीतून पाह्यलं. दोन मोरपंख्या, हिरव्यागार, एका उंचीच्या. हे गुणगुणत पाणी टाकून राहिले होते.

"राहू दे रे तिथंच," मी म्हटलं. "आमची जोडी जमली."